एनर्जी बॉल्ससाठी खजूर कुठला? चार प्रकार आणून, एक मिक्सर तापवून झालेलं माझं मत

मी फोर्टला नोकरी करते आणि डोंबिवलीला राहते, म्हणजे ऑफिसातून निघाल्यापासून घरी हातात चहा येईपर्यंत दोन तास धरायचे, आणि त्या दोन तासांत स्टेशनबाहेरच्या वडापावपासून स्वतःला वाचवायचं. जानेवारीत ठरवलं की पर्समध्ये काहीतरी बरं खायचं ठेवायचं. सुरुवात आळशासारखीच केली, तयार एनर्जी बॉल्सचा डबा ऑनलाइन मागवला. सहा नग, २४० रुपये, म्हणजे एक बॉल ४० रुपयांना, आणि तो सुपारीहून जरासाच मोठा. कंपनीचं नाव घेत नाही. डब्यावर पुढे मोठ्या अक्षरात ‘नो ॲडेड शुगर’ आणि मागे घटकांच्या यादीत पहिला खजूर, दुसरं खजुराचं सिरप, मग ओट्स आणि बदाम पार खाली. आपल्याकडे नियम असा आहे की घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते आधी, त्यामुळे डबा घेताना पुढचं चित्र न बघता मागची यादी वाचायची एवढं मी त्या २४० रुपयांत शिकले. सहातले दोन चक्क खवट निघाले, अक्रोड जुना असणार. फोटो पाठवा म्हणाले, पाठवले, मग परत फोटो पाठवा म्हणाले. सोडून दिलं.

मग घरीच करायचं ठरवलं. सासूबाईंना सांगितलं, आई मी नो-बेक एनर्जी बॉल्स करणारे. त्या म्हणाल्या, "नो-बेक म्हणजे काय गं?" म्हटलं ओव्हनमध्ये न भाजता करायचे. तर म्हणाल्या, "मग लाडू कधी कोणी ओव्हनमध्ये भाजलाय?" यावर माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. दाण्याचा लाडू घ्या ना, भाजलेले दाणे, गूळ, मिक्सरमधून फिरवले की तेल सुटतं, वळले, झालं, पाक नाही काही नाही. आपण उपासाला जो खातो तोच हा प्रकार, फक्त गुळाच्या जागी खजूर आणि वरून कोको, की लगेच फोटो काढण्यालायक होतो.

तर हा रिव्ह्यू मुख्यतः खजुराचा आहे, कारण तीन महिने दर रविवारी करून माझं मत असं झालंय की बदाम कुठलेही घ्या, कोको कुठलाही घ्या, बॉल जमतो किंवा फसतो तो खजुरावर, आणि खजुरातही गोडीवर नाही तर ओलीवर. खजूर आणला मस्जिद बंदरहून. सीएसएमटीहून निघाल्यावर पहिलंच स्टेशन, मी आधी कधी उतरले नव्हते, गाडीतून फक्त गर्दी बघायचे. बाहेर पडलं की ड्रायफ्रूटची घाऊक दुकानं, पण बरीचशी सुटं पाव-अर्धा किलोही देतात, आणि मुख्य म्हणजे हातात एक खजूर ठेवून "पहले खाके देखो" म्हणतात, जे आमच्या इथल्या मॉलमध्ये कोणी म्हणत नाही. शनिवारी दुपारी जाऊ नका, हमाल पाठीवर गोणी घेऊन येतो तेव्हा आपणच भिंतीला चिकटायचं असतं. मी ज्या दुकानातून घेते तिथल्या चाचांना पहिल्यांदा मी सांगितलं की लाडू करायचेत, तर त्यांनी विचारलं किती दिवस ठेवणार. मला तेव्हा तो प्रश्न कळलाच नाही, आता कळतो.

पहिला आणला किमिया. काळा, चकचकीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात ओळीने लावलेला, तो सगळ्यांनी बघितलेला असतोच, रमजानच्या आसपास तर जिकडेतिकडे थप्प्या. हा इराणचा, जातीचं नाव मजाफती, आणि बाम नावाच्या शहराच्या भागातला हा प्रसिद्ध. हेच ते बाम जिथे २००३ च्या डिसेंबरमध्ये मोठा भूकंप झाला होता. खायला एक नंबर, साल इतकी पातळ की जिभेवर विरघळते, बी दोन बोटांनी दाबली की बाहेर. म्हणून मला वाटलं बॉल्स पण एक नंबर होणार. कसले होतायत! मिक्सरमध्ये फिरवल्यावर त्याचा झाला मलम. बदामाची भरड घातली, ओट्स घातले, अजून घातले, तरी हाताला चिकटतंय, शेवटी कसेबसे वळून डब्यात ठेवले आणि सोमवारी ठाण्यापर्यंत उभ्याने पर्स छातीशी धरून आल्यावर डबा उघडला तर आत सहा बॉलचा मिळून एक पेढा झालेला. चव मात्र अप्रतिम, चमच्याने खाल्ला. किमियात ओल खूप असते, म्हणूनच तो फ्रीजमध्ये ठेवायला सांगतात, आणि हीच ओल खाताना सुख आणि वळताना डोकेदुखी.

दुसरा, किराणा दुकानात मिळतो तो बिनबियांचा दाबलेला खजूर, चौकोनी वडीसारखा, चिंचेच्या चटणीला आपण आणतो तो. सगळ्यात स्वस्त. बी काढायची कटकट नाही म्हणून घेतला आणि तिथेच फसले, कारण बिनबियांचा म्हणजे बी नसतेच असं नाही, मला अर्ध्या किलोत एक अख्खी बी आणि दोन-तीन देठं सापडली, आणि ती बी सापडली मिक्सर लावल्यावर. हा घेतलात तर प्रत्येक तुकडा बोटाने चाचपून घ्या, टीव्हीसमोर बसून करण्याचं काम आहे. दुसरं म्हणजे हा घट्ट असतो, पात्याभोवती गोळा होऊन फिरतच राहतो, बारीक होत नाही. माझा जुना ५०० वॉटचा मिक्सर इथेच गेला. म्हणजे आधी जळका वास आला, मग बंद पडला, मी म्हटलं संपलं. नवऱ्याने उलटा करून खालचं लाल बटण दाखवलं, तापला की ते आपोआप पडतं, दहा-पंधरा मिनिटं थांबून दाबलं की परत चालू. हे बटण असतं हे मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळलं. चालू झाला पण आवाज बदलला तो बदललाच, पुढच्या महिन्यात ७५० वॉटचा घेतला. तुमचा छोटा असेल तर वेगळा फूड प्रोसेसर घेऊ नका, फक्त खजूर एकदम मूठ-मूठ घालू नका, चार-पाच तुकडे, बटण उलटं फिरवून दोन-दोन सेकंद, मग चमच्याने खाली सारायचं. जार अर्ध्याच्या वर भरायचा नाही.

तिसरा पिवळट, सुका, सुटा, चाचा त्याला जाहिदी म्हणाले. कमी गोड, जरा दोऱ्यादोऱ्यांचा. हा थेट फिरत नाही, गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवावा लागतो. मऊ झाला, वळायला छान झाला, माझे सगळ्यात गोल बॉल्स याचेच. पण पाणी लागलं ना त्याला, चौथ्या-पाचव्या दिवशी आंबूस वास यायला लागला, फ्रीजमध्ये असून. चाचांचा तो प्रश्न मला तेव्हा कळला. तीन दिवसांत संपवणार असाल, घरात मुलं भरपूर असतील, तर बेशक घ्या, स्वस्त आणि छान. आठवडाभर पुरवायचे असतील तर भिजवण्याच्या भानगडीत पडू नका.

चौथा मेडजूल, मोठ्ठा, मांसल, एकच खजूर दोन घासांचा. किलोला हजाराच्या वर. पाव किलोच आणला. बॉल्स न भिजवता, न चिकटता झाले, परदेशातले सगळे रेसिपी व्हिडिओ हाच वापरतात आणि म्हणून त्यांचे इतके पटकन होतात हे तेव्हा लक्षात आलं, ते एक कप खजूर म्हणतात तो हा खजूर असतो, आपण किमिया घालतो आणि आपलं काय चुकलं म्हणून बसतो. पण मेडजूल मिक्सरमध्ये घालणं म्हणजे पैठणी नेसून ओटा धुणं. तो नुसता खावा, मध्ये बी काढून बदाम घालून. त्याचे बॉल्स करायला माझा हात धजत नाही, एकदा केले, पुरे.

आता खरी गोष्ट. तिसऱ्या रविवारी मी परत किमियाचा मलम घेऊन बसलेले, ओट्स अजून घालू का म्हणत, तर आई आल्या, बोट लावून बघितलं आणि म्हणाल्या, "यात अजून ओट्स नको गं घालू, भुसा लागेल. खारकेची पूड घाल." डिंकाच्या लाडवाची खारीक पूड उरलेली होती डब्यात. खारीक म्हणजे सुकवलेला खजूरच की, तोच गोडवा, फक्त ओल नाही, म्हणजे ती ओल शोषून घेते पण चव पातळ करत नाही. दोन चमचे घातले, पाच मिनिटं झाकून ठेवलं, आणि गोळा असा घट्ट झाला की बोटाला चिकटेना. मला इतका राग आला की हे आधी कोणी का नाही सांगितलं. आई म्हणाल्या तू विचारलंस कुठे, तू मोबाइलला विचारत होतीस.

तेव्हापासून माझं प्रमाण ठरलंय, बी काढून १५० ग्रॅम किमिया, ५० ग्रॅम खारीक पूड, १०० ग्रॅम बदाम, ५० ग्रॅम दाणे, दोन मोठे चमचे बिनसाखरेची कोको पावडर, चिमूटभर मीठ, आणि बाहेरून घोळवायला सुक्या खोबऱ्याचा कीस मूठभर. मीठ विसरू नका, कोकोला मीठ लागतंच. थोडं जायफळ किसलं तर अजून बरं. बदाम आणि दाणे मंद गॅसवर भाजायचे, पूर्ण गार करायचे, मग भरड करायची, पूड नाही. इथे मी दोनदा घाई केली, गरम असतानाच फिरवले तर तेल सुटून बदामाचं लोणी झालं. सुकं आधी फिरवून बाजूला काढायचं, त्याच जारमध्ये नंतर खजूर, नाहीतर जार मध्येच धुवा, पुसा, वाळवा, कोण करणार. मग सगळं परातीत हातानेच मळायचं, तळहाताला तुपाचं बोट लावून छोट्या लिंबाएवढे वळायचे. वीसेक होतात. तासभर फ्रीजमध्ये ठेवले की ठणठणीत. ओट्स घालायचे असतील तर कोरडेच पाच मिनिटं भाजून घ्या, नाहीतर कच्चट पुठ्ठ्यासारखी चव येते, आणि साधे रोल्ड ओट्स घ्या, आमच्याकडे एकदा सामान आणायला नवऱ्याला पाठवलं तर मसाला ओट्स घेऊन आला.

खर्च माझ्या हिशोबाने सगळं मिळून दोनशेच्या आत, म्हणजे बॉलला दहा रुपये. किमियाचं खोकं मला २१० ला पडलं, त्यात तीन वेळचं होतं. सगळ्यात जास्त पैसे बदामात जातात, खजुरात नाही, म्हणून महिनाअखेरीला मी बदाम अर्धे करून दाणे वाढवते. कोणाला कळलेलं नाही, आणि प्रथिनं दाण्यात बदामापेक्षा कमी नाहीतच, उलट थोडी जास्तच, १०० ग्रॅमला बदामात २१ ग्रॅमच्या आसपास तर दाण्यांत पंचवीसेक.

आता ‘हेल्दी’बद्दल थोडं, कारण इथे लोक फार वाहवत जातात, मीही गेले. साखर नाही म्हणून पहिल्या आठवड्यात मी गाडीत बसल्याबसल्या चार-चार खायचे. मग किचनमधला काटा घेऊन बसले. एक बॉल साधारण २० ग्रॅमचा, आणि खजूर, बदाम, दाणे, खोबरं सगळं धरून त्यात ८० कॅलरीच्या आसपास जातात, म्हणजे चार खाल्ले की झाले ३२०, वडापाव सोडून मी फार काही मिळवत नव्हते. आता दोन. दोन पुरतात, कारण बदाम-दाण्यांनी पोट धरून राहतं, डोंबिवलीपर्यंत चिडचिड होत नाही. आणि खजुरात साखर नाही हे तर कोणी बोलूच नका, त्याचं अर्ध्याहून जास्त वजन साखरेचंच असतं, फक्त ती आपण घातलेली नसते. माझ्या वडिलांना डायबेटिस आहे, त्यांना कोणीतरी सांगितलं खजुराचं चालतं, त्यांनी एका दुपारी पाच खाल्ले आणि संध्याकाळी मशीनवरचा आकडा बघून आईने मला फोन केला. त्यांच्यासाठी मी आता करत नाही, ते आले की डबा वरच्या फळीवर.

दुसरं ते लोहाचं. खजूर खा रक्त वाढेल, हे आपण लहानपणापासून ऐकतो. खजुरात लोह किती याचे आकडे जातीप्रमाणे वेगवेगळे दिसतात, पण अगदी १०० ग्रॅमला ५ मिलिग्रॅम धरलं तरी एका बॉलमध्ये खजूर आणि खारीक मिळून जेमतेम १० ग्रॅम, म्हणजे लोह अर्धा मिलिग्रॅम. आपल्याकडे बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं असं आयसीएमआर, म्हणजे सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था, सांगते. तेव्हा भूक भागवायला खा, हिमोग्लोबिनसाठी डॉक्टर सांगतील ते करा.

काय काय घालून फसले तेही सांगते. चिया घातला, पहिल्या दिवशी बरा, तिसऱ्या दिवशी त्याने सगळी ओल पिऊन बॉल दगड झाला. लेकाची जिमची व्हे प्रोटीन पावडर घातली, घशाला कोरड, खडू खाल्ल्यासारखं, आणि वर तो विचारायला लागला डब्यातली पावडर कमी कशी झाली. ओलं खोबरं तर चुकूनही नको, दुसऱ्या दिवशी वास. अक्रोड छान लागतो पण ताजा असेल तरच, पाकीट फोडल्यावर आधी एक खाऊन बघायचा, जरा जरी कडवट-खवट लागला तर अख्खा घाणा फुकट जातो, त्या ४० रुपयेवाल्यांचं तेच झालं असणार. भोपळ्याच्या बिया मात्र भाजून अख्ख्याच घाला, मध्येच कुरकुरीत लागतात, हा माझा आवडता बदल. जवस भाजून, पूड करून, चमचाभर, जास्त घातलं तर चटणीचा वास येतो. आणि चॉकलेट वितळवून त्यात बुडवायचं वगैरे मी एकदाच केलं, मार्चमधल्या लोकलमध्ये ते परत वितळलं, पर्सचं अस्तर अजून तपकिरी आहे.

टिकायला म्हणाल तर फ्रीजमध्ये स्टीलच्या डब्यात दोन आठवडे नक्की, त्यापुढे आमच्याकडे उरलेच नाहीत. बाहेर, थंडीत चार-पाच दिवस काही होत नाही, उन्हाळ्यात मी सकाळी निघताना दोनच काढून घेते. डब्यात थरांमध्ये बटर पेपर घाला.

स्टार द्यायचेच झाले तर किमियाला पाचपैकी चार, एक स्टार ओलीचा कापला आणि तो खारीक पुडीला दिला. दाबलेल्या वडीला दोन, चटणीला ठेवा. जाहिदीला तीन. मेडजूलला खाण्यासाठी पाच, बॉल्ससाठी मी नंबरच देत नाही. किमिया घेताना खोक्यावरची तारीख बघा आणि झाकण उघडून बघा, वर पांढरी साखर जमलेली दिसली तर तो बिघडलेलाच असतो असं नाही, जुना खजूर तसा साखरतो, पण आंबट वास आला तर परत द्या. चाचा परत घेतात, बाकीच्यांचं माहीत नाही.

या रविवारी आईंनी स्वतःहून विचारलं, "ते तुझे बॉल कधी करायचेत?" त्यांच्या वाटणीचे बिनकोकोचे, वेलची घालून आणि थोडा तळलेला डिंक चुरून. म्हटलं आई, मग तो डिंकाचाच लाडू झाला. त्या म्हणाल्या, "मग मी काय म्हणत होते?" आणि खारकेचा डबा माझ्याकडे सरकवला.